चेहऱ्यांची वही

माझ्याकडं एक वही आहे, दोनशे पानी.
वर लिहिलंय: ज्युनिअर आर्टिस्ट, वाई आणि पंचक्रोशी.
नाव, मोबाइल, उंची, आणि शेवटी
मी स्वतः पट्टीनं आखलेला रकाना:
चेहरा.

मुंबईहून फोन येतो. मर्डरची स्टोरी आहे,
दहा गावकरी, दोन हवालदार, चार चोर.
चोर कसे पाहिजेत ते सांगत नाहीत.
म्हणतात, "तुम्हाला कळतंय ना, दादा."
मला कळतं.
तेच तर.

रज्जाक बागवान केळी विकतो,
दाढी ठेवतो, कारण ब्लेडनं पुरळ उठतं.
चार सिनेमांत चार वेळा मेलाय,
चारही वेळा पाठीत गोळी, घाटाच्या त्याच तिसऱ्या पायरीवर,
तिथं शेवाळ कमी आहे म्हणून.
त्याची नाझमीन पाचवीत आहे. तिनं विचारलं,
"अब्बा, तुम्ही एकदा तरी निसटत का नाही?"
त्यानं हे मला हसत सांगितलं.
मीही हसलो. हजारातले दोनशे माझे.

जंटल काळेला तर काहीच करावं लागत नाही.
नुसतं बसायचं. कॅमेरा अंगावरून सरकला
की थेटरात कळतं, माल इथंच पुरलाय.
एकदा देवळातली समई गेली तेव्हा
ठाण्यात त्याला बघितल्याबरोबर ओळखलं,
"अरे, तू सिनेमातला चोर ना!"
दोन दिवस बसवून ठेवला.
समई निघाली पुजाऱ्याच्या भाच्याकडं.
मी वहीत त्या दोन दिवसांपुढं लिहिलं: गैरहजर.

हिरो इन्स्पेक्टर मुंबईहून येतो, गोरापान.
त्याच्यासाठी वही लागत नाही.

गेल्या पौषात धोमवरनं धुकं उतरत होतं.
बंदोबस्ताला नवीन फौजदार मॅडम आल्या,
खाकीवर गुडघ्यापर्यंत करडं जर्किन,
डोक्याला मफलर, हातात चहा.
असिस्टंट पोरगी तशी चांगली होती,
सेटवरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालायची.
तिनं मॅडमच्या हातात पिशवी दिली,
"चोराची बायको ना तुम्ही? पटकन चेंज करा."
आणि मेकअपवाल्याला ओरडली,
"यांना काळं लावू नको रे, आहे तेवढं पुरे."

मॅडमनी कप कठड्यावर ठेवला.
पिशवीतलं फाटकं लुगडं काढून पदर चाचपला.
"आमच्यात असं नेसत नाहीत," एवढंच म्हणाल्या
आणि जर्किनची चेन खाली ओढली.

छातीवर पाटी: उ. स. भोसले.
साताऱ्यात हे आडनाव वाचलं की माणूस आधी ताठ होतो.
पोरगी ताठ झाली. सॉरी मॅडम. खुर्ची आली, दुसरा चहा आला.
हे कुठले भोसले, मला ठाऊक होतं:
म्हसवडच्या माळावरच्या पालांतले.
मला ठाऊक आहे हे मॅडमना ठाऊक होतं.

"यादी बघू," म्हणाल्या.
मी वही दिली. न देऊन सांगतो कुणाला?
बोट फिरत फिरत माझ्या रकान्यावर थांबलं.
रज्जाक: अतिरेकी. जंटल: चोर.
मला वाटलं, आता कानाखाली बसणार.
त्यांनी पेन मागितलं.
"जंटल नाही. जंटलमन.
मिरजेच्या फलाटावर कुणाच्या तोंडून ऐकलं होतं,
ते त्याच्या आईनं ठेवलंय. नीट लिहीत जा."
आणि बारीक अक्षरात 'मन' जोडला.
रकान्याबद्दल बोलल्या नाहीत.
ती रेघ मी शाईनं मारली होती, अजून तशीच आहे.

सिनेमा लागला तेव्हा साताऱ्याला जाऊन बघितला.
चोराची बायको दुसरीच कुणीतरी, काळं फासलेली.
रज्जाक पाचव्यांदा मेला.
पण त्याच सीनमध्ये, मागं, धुक्यात,
जेमतेम दोन सेकंद,
खाकीतली एक बाई कठड्याला टेकून चहा पिते.
माझ्या शेजारचा बायकोला म्हणाला,
"ही कोण मध्येच?
चुकून राहिलेली दिसतेय."